हजेरीपटावरचा खो-खो

आमच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ होता. चांगला बारा जणींचा. कर्णधारसुद्धा होती. अडचण एवढीच, की हे त्या बारा जणींना कुणी सांगितलं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. तिसगावच्या अलीकडं की पलीकडं, तेही विचारू नका. माणसं अजून आहेत आणि त्यांची नाकं वयानं काही लहान झालेली नाहीत. साल बहात्तर, दुष्काळाचं. मी अकरावीत होते, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. माझं नाव मालन. वडील भिमाजी आव्हाड, आई कडूबाई. दोघंही तलावाच्या दुष्काळी कामावर जायची.

शनिवारी सकाळची शाळा, आणि पहिला तास खेळाचा. मुलं खेळायची. मुलींनाही खेळाचा तास असायचाच हो, आमच्यावर अन्याय कोण करतंय! आम्ही मैदान झाडायचो, खडे वेचायचो आणि रेषा आखायचो. फक्की कपाटात कुलूप लावून ठेवलेली, पंधरा ऑगस्टला पाहुणे आले की निघायची. एरवी राख. प्रत्येक मुलीनं घरच्या चुलीतली डबाभर राख आणायची, असा शाळेचा नियमच होता. मुलांनी काय आणायचं? मुलांनी स्वतःला आणायचं. पूर्वी मैदानावर पाणीसुद्धा आम्हीच मारायचो, पण त्या वर्षी विहिरीच आटल्या, त्यामुळं तेवढं काम वाचलं.

आमचे पीटीचे मास्तर गहिनीनाथ पालवे. गळ्यात शिट्टी, पोट सदऱ्याच्या गुंड्यांशी भांडत असलेलं. ते दर शनिवारी हजेरीपटात आमच्या नावांपुढं लिहायचे, ‘हजर. खो-खो.’ मी एकदा धीर करून विचारलं, "सर, आम्ही कधी खेळलो?"

"पोरींची जात नाजूक असते, मालन," सर म्हणाले. "पळापळीनं शरीराला अपाय होतो. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

मी मान हलवली. माझी नाजूक जातीची आई त्या वेळी तलावावर बसून खडी फोडत होती. दुपारी तीच खडी पाटीत भरून डोक्यावरून बांधावर नेत होती. तिच्या शरीराला अपाय होईल म्हणून कुणी शिट्टी वाजवल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

पण सरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. राख टाकून झाली की मुलं मैदानात यायला दहा मिनिटं असायची. त्या दहा मिनिटांत आम्ही रेषा बरोबर आहेत का ते बघायचो. आता रेषा बरोबर आहेत की नाहीत हे पळून पाहिल्याशिवाय कसं कळणार? आम्ही आठ जणी चौकोनात बसायचो, नववी पाठलाग करायची, बाकीच्या पळायच्या. शमशाद, आमच्या शेजारच्या बाबाजानचाचांची मुलगी, खांबाला धरून असा झोका घेऊन वळायची की धरणारीचा हात हवेतच राहायचा. चार वर्षं आम्ही ते मैदान आखत होतो. कुठली आडवी पाटी किती पावलांवर, हे आम्हाला डोळे मिटून सांगता आलं असतं. मुलं आली की आम्ही झाडू घेऊन बाजूला. जीव नुसता तळमळायचा. माझं हे शेवटचं वर्ष होतं, आणि शिट्टी वाजवून सुरू झालेला, पंच असलेला, खराखुरा एक तरी सामना मला खेळायचा होता. बाकी मी शाळेकडं काही मागितलं नव्हतं.

दिवाळीनंतर पालवे सर मुलांचा संघ घेऊन पाथर्डीला तालुक्याच्या सामन्यांना गेले आणि आनंदानं फुलून परत आले. सोमवारी सत्कार ठरला. आम्हाला हुकूम झाला, पटांगणात मोठी रांगोळी काढा आणि खाली लिहा, ‘विजयी संघांचे हार्दिक अभिनंदन’. ‘संघांचे’ का, हे आम्ही विचारलं नाही. सरपंच आले. पालवे सरांना हार, हेडमास्तरांना हार, मुलांच्या संघाचा कर्णधार श्रीमंत, म्हणजे सरपंचांचेच चिरंजीव, त्याला दोन हार. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या तर तळहातांना रांगोळीचा रंग होता, तो शमशादच्या पाठीवर पुसला आणि पुन्हा वाजवल्या.

सत्कार झाल्यावर प्रशस्तिपत्रकं भिंतीवर लावायचं काम अर्थातच मुलींचं. मी स्टुलावर चढले, खिळा ठोकला आणि दुसरं पत्रक हातात घेतलं. ‘मुलींचा खो-खो, तालुक्यात प्रथम. कर्णधार कु. मालन भिमाजी आव्हाड.’

अगं बाई! मी स्टुलावरून पडायची राहिले. तालुक्यात मी पहिली आले होते आणि माझ्याच सत्काराची रांगोळी मी काढली होती.

मग उलगडा झाला. त्या वर्षी वरून कागद आला होता, की मुलींचाही संघ असल्याशिवाय मुलांच्या संघाला उतरता येणार नाही. सरांनी हजेरीपटातली मुलींची पहिली बारा नावं उतरवून दिली होती. बाकीच्या शाळांनीही असेच कागद केलेले, पण सामन्याच्या दिवशी त्यातल्या एकीलाही आपला कागद वेळेवर सापडला नाही. दुसरा कागदच नाही म्हटल्यावर आमचा कागद जिंकला.

मी स्टाफरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. "सर, आता जिल्ह्याचे सामने नगरला कधी आहेत?"

पालवे सरांनी हेडमास्तरांकडं पाहिलं. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "येत्या शनिवारी. पण तुम्ही जाणार नाही. तुम्ही आजारी आहात."

"कोण?"

"बाराही जणी. तसं आजच कळवलंय. आता वर्गात जा."

मी वर्गात गेले नाही. शाळेच्या मागं राखेच्या ढिगापाशी बसून मनसोक्त रडले. शमशाद शोधत आली. तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं हेडमास्तरांना अशी एक शिवी दिली की ती तिनं कुठं ऐकली, याचं मला आजही कोडं आहे. मग म्हणाली, "आजारी तर आजारी. रोज सकाळी लवकर येऊन रेषा तपासत जाऊ."

आणि आम्ही आलो. मुलांचा सराव असल्यामुळं रोजच रेषा आखायच्या होत्या. आम्ही आजारी मुली रोज पहाटे राख घेऊन यायचो आणि उन्हं येईपर्यंत पळायचो.

हेडमास्तरांचं एक चुकलं. साधा ताप लिहिला असता तर भागलं असतं. पण माणूस मराठीचा, वर्णनाची हौस भारी. त्यांनी लिहिलं, ‘बाराही विद्यार्थिनींना एकाच वेळी तीव्र ज्वर येऊन सर्वांगावर पुरळ उठला आहे.’ तेव्हा देवीची साथ देशातून घालवायची सरकारची मोहीम जोरात होती. ताप आणि पुरळ एवढे दोन शब्द दिसले की माणसं धावत यायची. नगरला कुणीतरी ते पत्र वाचलं आणि आरोग्य खात्याकडं धाडलं.

गुरुवारी सकाळी जीप आली. आम्ही बारा जणी मैदानात, हात कोपरापर्यंत राखेत. जीपमधून एक वयस्कर डॉक्टर उतरले, मागं देवी टोचणारे दोघं. हेडमास्तर पायरीवरून धावत खाली आले.

"आजारी मुली कुठं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी आहेत साहेब, आपापल्या घरी. अंथरुणावर आहेत बिचाऱ्या."

डॉक्टरांनी खिशातून यादी काढली आणि मोठ्यानं वाचली, "मालन भिमाजी आव्हाड."

"हजर!" मी ओरडले.

देवाशप्पथ सांगते, मी ठरवून ओरडले नाही. अकरा वर्षांची सवय. नाव पुकारलं की तोंडातून ‘हजर’ बाहेर पडणारच. हेडमास्तरांचा चेहरा माझ्या हातासारखा झाला.

"शमशाद बाबाजान शेख."

"हजर!" शमशाद मात्र ठरवून ओरडली.

मग बाराही जणी. एकेक नाव, एकेक हजर. मुक्ता तर हात वर करून उभी राहिली. डॉक्टरांनी आम्हाला हात धुऊन यायला सांगितलं. बाह्या वर करून पाहिलं, कपाळं पाहिली, जिभा पाहिल्या.

"पुरळ कुठाय?"

"उतरला साहेब," हेडमास्तर म्हणाले. "देवाच्या कृपेनं."

"सोमवारी उठला, गुरुवारी उतरला? बाराही जणींचा? डागसुद्धा न ठेवता?" डॉक्टर शांत माणूस होते, आवाज चढवत नव्हते. "हेडमास्तर, दोनच गोष्टी होऊ शकतात. हे पत्र खरं असेल तर शाळा आजपासून बंद, आणि गावातलं एकही पोर बाहेरगावी जाणार नाही. खोटं असेल तर तसं लिहून द्या."

पालवे सरांनी श्रीमंतकडं पाहिलं. श्रीमंतनं सरपंचांच्या वाड्याच्या दिशेला पाहिलं. मुलांचा संघ नगरला गेला नाही, तर सरपंच गळ्यात जे काही घालतील, ते हार नक्कीच नसतील, हे हेडमास्तरांनाही कळत होतं. त्यांनी कागद मागवला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सर्व विद्यार्थिनी ठणठणीत असून सामन्यास पाठवण्यात येत आहेत.’ ‘पाठवण्यात येत आहेत’ हे डॉक्टरांनी सांगून लिहायला लावलं. जाताना त्यांनी सगळ्या शाळेला देवी टोचल्या ते वेगळंच.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं नाही म्हणेल. ती हाताचे घट्टे चोळत म्हणाली, "जा की. पर त्या परकरात पळशील कशी? माझं जुनं लुगडं घे, फाडून काष्टा घाल. मी दिसभर काष्ट्यावर खडी वाहते, कुनाच्या बापाला लाज वाटत न्हाई. तुज्या पळन्याची बरी वाटंल."

शनिवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही नगरला गेलो. मुलं पुढं बसलेली, आम्ही मागं, पालवे सर मधे, कुणाच्या ओळखीचे नसल्यासारखे. मैदान पाहिलं आणि मी उभीच राहिले. पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेषा, आणि त्या एका गड्यानं आखल्या होत्या. गड्यानं! माझं काही कामच उरलं नव्हतं. नगरच्या मुली चुणीदार स्कर्ट घालून आलेल्या. आमचे काष्टे पाहून त्या तोंडावर हात धरून हसल्या.

पंचांनी विचारलं, "कर्णधार कोण?"

"मी," मी म्हणाले. चार वर्षं कागदावर होते, त्या दिवशी मी मैदानावर होते.

आम्ही हरलो. सात गुणांनी. टोचलेला डावा दंड सुजून टम्म झाला होता, खांब धरला की कळ मस्तकात जायची. तरी शमशाद एक पूर्ण डाव बाद झाली नाही, आणि मी तिघींना बाद केलं. दुसऱ्या डावात स्कर्टवाल्या मुली हसत नव्हत्या, धापा टाकत होत्या. परतीच्या एसटीत आम्ही तिसगावपर्यंत गाणी म्हटली. मुलांनी म्हटली नाहीत. तीही पहिल्याच सामन्यात हरली होती.

सोमवारी मी वर्गाचा हजेरीपट स्टाफरूममध्ये द्यायला गेले तेव्हा पान उघडं होतं. शनिवारचा रकाना. मुलांच्या नावांपुढं, ‘हजर. नगर येथे सामना.’ खाली आमची बारा नावं. प्रत्येकीपुढं लाल शाईत, ‘गैरहजर’.

"सर, हे काय?"

पालवे सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच खुळी. "अगं, शनिवारी मैदान झाडायला कुणी आलं होतं का? राख कुणी आणली? नाही ना? मग गैरहजरच की."

एक दिवस खेळलो, तेवढाच एक दिवस आम्ही खेळाच्या तासाला नव्हतो! तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले.

पुढच्या शनिवारी आम्ही नियमाप्रमाणं आलो. झाडलं, खडे वेचले, राख टाकून रेषा आखल्या. मग आठ जणी चौकोनात बसल्या, शमशाद खांबापाशी उभी राहिली, मी आणि दोघी पळायला आत. मुलं आली. पालवे सर आले, शिट्टी वाजवून म्हणाले, "चला, उठा आता."

मुक्तानं बसल्या जागेवरून वर पाहिलं. "सर, खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. फाऊल होतो."

शमशादनं खो दिला. मुक्ता उठली आणि सुटली. तासभर आम्ही खेळलो. मुलं कडेला उभी होती, आणि सरांना शिट्टी कुठं वाजवायची ते कळत नव्हतं, म्हणून शेवटी ते पंच झाले. घंटा झाली तोवर आमच्या पायांनी सगळ्या रेषा पुसून गेल्या होत्या. मी लुगडं झटकलं आणि सरांना म्हणाले, "सर, मुलांना खेळायचं असेल तर राख लागेल. आमच्याकडची संपली."

सरांनी श्रीमंतच्या हातात डबा दिला आणि घरी पिटाळलं. तो बऱ्याच वेळानं रिकामाच परत आला. सोळा वर्षांचा घोडा, पण घरात चूल कुठल्या खोलीत आहे ते त्याला माहीत नव्हतं.