फाटकाफाटकाला थांबणारी चिवा

मी एक जुनी चिवा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. चिवा म्हणजे बकरी, पण आमच्या कोलंबियाच्या डोंगरात माझ्यासारख्या उघड्या, लाकडी बाकांच्या बसलाही चिवाच म्हणतात. एका सुताराने ट्रकच्या सांगाड्यावर मला उभं केलं आणि लाल-पिवळी रंगवली. तेव्हापासून मी माणसं, कोंबड्या आणि बिहाओ या केळीसारख्या झाडाची वाळवलेली पानं खाली गावात आणते. आमची पेरूची वडी त्याच पानांत बांधतात.

एका वर्षी गावातल्या वडीच्या कारखान्याने नवी वडी काढली, एका घासाची, आत आटवलेलं दूध. सगळी जुळवाजुळव तिथे काम करणाऱ्या योलिमाकडे होती. पेरू, दूध, खोकी, राजधानीतल्या दुकानांत जागा, सगळं तिने जमवलं. वडी पानातच जाईल, हा हट्टही तिचाच. मालकाने मात्र बजावलं होतं, "शुक्रवारी पानं आली नाहीत तर प्लास्टिक. आणि मग कायमचंच प्लास्टिक." म्हणजे डोंगरावरच्या बायकांचं काम बुडालंच.

आदल्या दिवशी योलिमा माझ्या चालकाला म्हणाली, "उस्ताद, उद्या वाटेत कुठेही थांबायचं नाही. थेट कारखान्यात."

"कुठेच नाही?" एलिएसेरने विचारलं.

"तुमच्या गप्पा मला माहीत आहेत. थेट या."

एलिएसेर दुखावला. तो दुखावला की सांगितलेलं अक्षरशः पाळतो. मी थेट आले, वेळेआधी आले आणि रिकामी आले.

"पानं कुठायत?" योलिमाचा चेहरा उतरला.

"फाटकांपाशी. तुम्हीच म्हणालात, थांबू नका."

बिचारीने मला नेहमी भरलेलीच पाहिलं होतं. पानं काही एका जागी मिळत नाहीत, मित्रांनो. घरोघरच्या बायका मोळ्या बांधतात आणि माझा भोंगा ऐकून फाटकाशी येतात. योलिमा गुपचूप माझ्या बाकावर चढली. "गाडी वळवा, उस्ताद."

पहिल्याच फाटकाशी त्रान्सितोबाई, आमच्या बोलीत दोन्या त्रान्सितो, आपल्या मोळीवर ठाण मांडून बसली होती. "सकाळी तोंडावर धूळ उडवून गेलात. आता पानं आठवली होय?"

"चूक माझी आहे, दोन्या. मीच थांबू नका म्हटलं होतं."

"बरं. मग कॉफी घे, पोरी."

"वेळ नाही हो."

"मग पानंही नाहीत."

योलिमाने कॉफी घेतली. पुढच्या फाटकाशीही घ्यावी लागली आणि त्याच्या पुढच्याही. संध्याकाळी मी छपरापर्यंत भरून, कण्हत कारखान्यात शिरले. मालक प्लास्टिकचं भेंडोळं उलगडतच होता. योलिमाने पहिली मोळी त्याच्या हातात कोंबली. "ते गुंडाळून ठेवा," ती म्हणाली. नवी वडी पानातूनच दुकानांत गेली.

आता कारखान्याने बंद, चकचकीत ट्रक घेतला आहे. तो फाटकांशी थांबत नाही. मला चौकात उभी करून माझ्या बाकांवर फुलांच्या कुंड्या मांडायच्या, असा मालकाचा बेत आहे. मला फुलं नकोत. मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी म्हणजे तिला पुसून ठेवणं नव्हे. ब्रेक दुरुस्त करा, तेल घाला आणि कामाला लावा.

काल कुंड्या आल्याच. योलिमा पुढच्या बाकावर बसून राहिली.

"पुढची वडी कॉफीची आहे," ती मालकाला म्हणाली. "आणि कॉफीसुद्धा फाटकांवरूनच येणार. कुंड्या खाली उतरवा."

मालक कुंडी हातात धरून उभाच राहिला. एलिएसेरने भोंगा दाबला आणि आम्ही डोंगराला लागलो.