मी वाहिलेली देवीची लस

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझे झाकण आता नीट बसत नाही. मित्रांनो, देवीचा रोग आला की अंगभर फोड येऊन माणसे दगावत. त्या रोगाची लस खेडोपाडी नेण्यासाठी बीदरच्या एका कारागिराने मला घडवले आणि आत गारवा टिकावा म्हणून बुचाचे अस्तर लावले.

डॉक्टर नलिनीबाई साथीच्या रोगांचा अभ्यास करीत. रोग कुठे उठला, कुठून आला, कुणाला टोचायचे राहिले, हे शोधत त्या गावोगाव हिंडत. मी त्यांच्या खांद्याला असे. लस उन्हाने बिघडू नये म्हणून माझ्यात बर्फ भरीत. पण वैशाखात तो वाटेतल्या भालकीपर्यंतच वितळून जाई.

अशाच उन्हात मंठाळ गावी लेकरांना टोचले. लस वाटेतच बिघडली होती. पुढे गावात देवी आल्या आणि मेंढपाळ पिराप्पाचा थोरला मुलगा गेला.

ताजी लस घेऊन बाई पुन्हा तिथे गेल्या, तेव्हा पिराप्पाची बायको म्हाळसा धाकटीला कडेवर घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"तुमी टोचलाव, तरी माजं लेकरू गेलं. आता कामून आलाव?"

"ती लस उन्हानं बिघडली होती, म्हाळसा," बाई म्हणाल्या. "ही ताजी आहे. टोचल्या जागी एक फोड उठला की लस लागली समजायचं. तोपर्यंत मी इथेच राहते."

म्हाळसा दारातून बाजूला झाली. मग तिने पोरीचा दंड पुढे केला.

बाई शाळेच्या पडवीत राहिल्या. फोड उठला, तो दाखवायला म्हाळसा स्वतः आली. "आमी मेंढरं घिऊन लई गावं फिरताव, अक्का. कुठं देवी आल्या तर सांगत जाते."

तिच्या निरोपावर आम्ही कितीदा चिटगुप्प्याकडच्या गावांना धावलो. कुठे वेळेवर पोचलो, कुठे नाही. बाईंचे कौतुक झाले, पण त्या फार थकल्या. माझेही बूच झडले.

१९५६ साली राज्याची वाटणी झाली; बीदर एका राज्यात गेले, उस्मानाबाद दुसऱ्या. बाईंची उस्मानाबादेला बदली झाली. मी बीदरच्या कचेरीच्या कोपऱ्यात पडले. एका दुपारी म्हाळसा धापा टाकत आली.

"वाडीत एका लेकराला देवी आल्यात. डॉक्टरअक्का कुठं हायत?"

"त्या इथं नाहीत. उद्या ये," कारकून म्हणाला.

ती गेली नाही. पायरीवरच बसून राहिली. दिवस कलताना नवे डॉक्टर आले, तिचे ऐकले आणि तसेच निघाले. त्यांच्या खांद्याला नवी पेटी होती.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, असे माझे मागणे नाही. दाराशी कुणी असा निरोप घेऊन आले, तर त्याला उद्या ये म्हणू नका.