मिरजेत झोपणारी मुलगी

रुपाली आठ महिन्यांची असताना सुलेखानं तिला आपल्या आईकडे मिरजेला ठेवलं. अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या विद्यार्थी वसाहतीत असं करणारी ती काही पहिली नव्हती. श्रीरामची पीएचडी चालू होती, तिची नुकती सुरू झाली होती, आणि बाळाला सांभाळायला माणूस ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणजे दोघांपैकी एकाला शिक्षण सोडावं लागलं असतं. कुणी सोडायचं याचं उत्तर न विचारताच ठरलेलं होतं. सुमित्राबाईंनीच पत्र लिहिलं, "तू शीक. पोर माझ्याकडे राहू दे. तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठतं."

वर्षाचं म्हणता म्हणता अडीच वर्षं गेली. सुलेखा आणायला गेली तेव्हा रुपाली सव्वातीन वर्षांची होती. धाकटा मामा नंदू आजीला आई म्हणायचा, म्हणून तीही आजीला आईच म्हणे. आणि आजी जिला सुलेखा म्हणते ती सुलेखा.

"सुलेखा, तू आमच्याकडे किती दिवस राहणार?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सगळे हसले. सुलेखाही हसली, मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

पिस्कॅटवेला आल्यावर दिवसा फारसा त्रास नव्हता. बर्फ होतं, टीव्ही होता, खाली राहणाऱ्या कोरियन बाईंचं मांजर होतं. दिवे लागायची वेळ झाली की मात्र रुपाली आपली चप्पल शोधायला लागे. "आता घरी जाऊ या," म्हणे. सुलेखा शेजारी आडवी झाली की तिला दोन्ही पायांनी ढकले. "तू नको. तू जा."

यातून मार्ग निघाला तो कॅसेटचा. सुमित्राबाईंनी नंदूकडून टेप भरून घेतली आणि गावात सुट्टीवर आलेल्या कुणाबरोबर तरी पाठवली. टेपवर त्यांनीच रचलेली गोष्ट होती: गल्लीतली मनी मांजर रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन झोपायला जागा मागते, आणि कुठे चूल गार, कुठे पोरं दांडगट, असं करत करत शेवटी रुपालीच्या पायाशी येऊन झोपते. मधेच कुकरची शिट्टी ऐकू येई, मधेच आजीचा खोकला. गोष्ट सांगता सांगता आजी म्हणत, "हं, आता कूस बदल," आणि इकडे न्यू जर्सीत रुपाली कूस बदले. "मीट बघू डोळे." ती डोळे मिटे.

सुलेखा दाराबाहेर कार्पेटवर बसून ऐकत राही. आपल्याच घरात, आपल्या मुलीला, आपलीच आई झोपवते आहे आणि आपल्याला आत जायची सोय नाही, हे तिला रोज नव्यानं टोचे. आईचा राग यावा असं आईनं काही केलेलं नव्हतं. तरी तो यायचा.

मार्चमध्ये मराठी मंडळाच्या बायका पद्मिनीकाकूंच्या घरी जमल्या. काकूंना अमेरिकेत येऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, दोन मुलं कॉलेजात. नव्यानं आलेल्या मुलींना कोणत्या दुकानात हिंग मिळतो इथपासून कोणत्या डॉक्टरकडे जायचं इथपर्यंत सगळं त्याच सांगत. पुरुष हॉलमध्ये ग्रीन कार्डाबद्दल बोलत होते आणि बायका स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत मुलांच्या झोपेबद्दल.

"मी तर जायफळ उगाळून देते दुधात," मालिनी म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना दिलंय."

"माझा पीडियाट्रिशियन म्हणतो, रडू द्या," दीपा म्हणाली. "आठ वाजता क्रिबमध्ये ठेवायचं, दार लावून घ्यायचं. पहिले काही दिवस आपल्यालाच रडू येतं. मी तर व्हॅक्युम लावून ठेवायचे, ऐकू येऊ नये म्हणून."

"शेजारचे पोलिसांना नाही बोलावत?"

"बेडरूम मागच्या बाजूला आहे आमची."

मग सुलेखानं टेपचं सांगितलं. सहज सांगावं तसं सांगायला गेली, पण मधेच तिचा आवाज चिरकला. पुऱ्या लाटायच्या थांबल्या. पद्मिनीकाकूंनी कढईखालची आच कमी केली.

"टेप आधी बंद कर," त्या म्हणाल्या. "मुलगी तुझ्या घरात राहते, पण झोपते मिरजेत. असं किती वर्षं चालवणार आहेस?"

"रडेल हो ती."

"रडेल ना. रडून रडून कुठे जाईल? तुझ्याकडेच येईल. मुलं पंधरा दिवसांत विसरतात, मी सांगते तुला. आणि फोनवरही आजीशी बोलू देऊ नकोस सध्या. जखमेवरची खपली रोज काढली तर ती भरणार कधी?"

बायकांनी माना डोलावल्या. एकीलाही ते निर्दय वाटलं नाही. सुलेखालाही नाही. उलट गाडीत बसल्यावर तिला पहिल्यांदाच हलकं वाटलं. जे करायची इच्छा आपल्याला महिनाभर होत होती, ते करायला कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रुपालीला सांगितलं, टेपरेकॉर्डर बिघडला.

रुपालीनं थोडा विचार केला. "बाबा दुरुस्त करेल," ती म्हणाली.

श्रीराम इलेक्ट्रिकल इंजिनियर होता. वसाहतीतले निम्मे टोस्टर त्यानं दुरुस्त केलेले. "मला यात ओढू नकोस," तो सुलेखाला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला. "तुला बंद करायचंय, तू बंद कर."

"मी एकटी वाईट होऊ का? आधीच तिला मी नको आहे."

बाहेर येऊन त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू काढले, झाकण उघडलं. रुपाली उकिडवी बसून बघत होती. एकेक स्क्रू तिनं स्वतःच्या मुठीत सांभाळून धरला, हरवू नये म्हणून. श्रीरामनं आतला रबरी पट्टा बोटानं ओढून बाजूला केला. मग बटण दाबून दाखवलं; चाकं फिरली नाहीत.

"नाही होत गं."

"पुन्हा कर."

त्यानं पुन्हा केलं. तिनं मूठ उघडून त्याला स्क्रू दिले. तेव्हाही ती रडली नाही. रडली ती अंथरुणावर टाकल्यावर, आणि मग अशी रडली की वरच्या मजल्यावरच्यांनी काठीनं जमीन ठोकली. त्या आठवड्यात श्रीरामला संध्याकाळचं लॅबमध्ये फार काम निघालं.

पद्मिनीकाकूंचं म्हणणं खरं ठरलं. रडणं आठवड्याभरात ओसरलं. मग काही दिवस रुपाली न रडता छताकडे बघत पडून राही, ते सुलेखाला रडण्यापेक्षा जड गेलं. आणि एका संध्याकाळी ती आपणहून आली, सुलेखाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपली. सुलेखाचा पाय बधिर झाला तरी ती हलली नाही. एप्रिलपासून रुपाली युनिव्हर्सिटीच्या डे-केअरमध्ये जाऊ लागली आणि तिथून एक शब्द घेऊन आली: मॉमी. सुलेखाला तोच मिळाला. आई हा शब्द रुपालीनं पुन्हा कुणालाच वापरला नाही.

मिरजेला तिनं लिहिलं, "रुपाली आता छान झोपते. तुझी टेप ऐकते." दुसरं वाक्य का लिहिलं, तिचं तिलाच कळलं नाही. आईला बरं वाटावं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या वाक्यापायी सुमित्राबाईंनी आणखी कॅसेट पाठवल्या, येईल जाईल त्याच्याबरोबर. सुलेखा त्या कपाटात स्वेटरखाली ठेवत गेली. रविवारच्या फोनवर आई म्हणे, "तिला दे ना जरा," आणि सुलेखा म्हणे, "खेळायला गेलीय गं." नंदूनं शेजारच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायची परवानगी मिळवली होती, म्हणून सुमित्राबाई दर रविवारी चांगली साडी नेसून तिथे जाऊन बसत.

इकडे सुलेखाचं नाव झालं. "तिच्या मुलीचं बघ, कशी सुतासारखी सरळ झाली," असं बायका म्हणायच्या. नव्या आया तिला फोन करायच्या, आणि ती सांगायची, "मन घट्ट करावं लागतं. सवय आपणच लावतो, आपणच मोडायची."

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले आणि तिनं आईला बोलावून घेतलं.

विमानतळावर सुमित्राबाई ढकलगाडी टाकून पुढे आल्या. त्या खाली वाकल्या तशी रुपाली सुलेखाच्या मागे गेली. "दमलीय," सुलेखा म्हणाली. गाडीतही ती बोलली नाही, आणि आजीनंही घाई केली नाही. संध्याकाळी मात्र त्या तिच्या पलंगाशी बसल्या आणि सुरुवात केली, "मग काय झालं, मनी आली जोश्यांच्या दारात..."

"हू इज मनी?" रुपालीनं विचारलं.

सुमित्राबाईंनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"आय वॉन्ट मॉमी," रुपाली म्हणाली, उद्धटपणे नाही, अगदी साधेपणानं. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि सुलेखाला म्हणाल्या, "जा, बोलावते तुला."

दोन-तीन दिवसांनी एका दुपारी मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "कॅसेट लावत नव्हतीस ना?"

"पहिली लावली होती," सुलेखा म्हणाली. "तुझी आठवण काढून रडायची गं. तिला त्रास व्हायचा."

"तिला, का तुला?"

सुलेखानं मेथीची जुडी पुढे ओढली.

"बरं केलंस," सुमित्राबाई म्हणाल्या. "आईजवळच झोपावं पोरानं. फक्त कळवायचंस. मी उगाच करत बसले. मे महिन्यात पंखा बंद करून बसायचे, टेपवर घरघर येते म्हणून. नंदू म्हणायचा, घेरी येऊन पडशील."

त्या निवडलेली मेथी उचलून धुवायला गेल्या. आणखी बोलल्या असत्या तर सुलेखाला उत्तर देता आलं असतं.

अमितचा जन्म जूनमध्ये झाला. सुमित्राबाईंनी बाळंतपणात कशाची कसर ठेवली नाही. डिंकाचे लाडू मिरजेहून करून आणलेले होते. रोज बाळाला तेल लावून पायांवर न्हाऊ घालत, बाळगुटी उगाळत, ओव्याची धुरी देताना एकदा छतावरचा अलार्म वाजला तर न घाबरता टॉवेलनं वारा घालत उभ्या राहिल्या. पण न्हाऊन, पिऊन बाळाचे डोळे जड झाले की ते सुलेखाच्या हातात देत आणि खोलीबाहेर जात.

"थोपट ना जरा, मी पडते," सुलेखा एकदा म्हणाली.

"तूच थोपट. माझ्या हाताची सवय नको लागायला."

बारशाला सगळ्या आल्या. मालिनीलाही नुकती मुलगी झाली होती. ती सुमित्राबाईंजवळ येऊन बसली. "आजी, ही संध्याकाळी फार किरकिर करते. काय करू सांगा ना."

"तुमच्या इथलं मला कळत नाही, बाई," सुमित्राबाई म्हणाल्या. "सुलेखाला विचारा. तिला येतं."

पद्मिनीकाकूंनी कौतुकानं सुलेखाकडे पाहिलं. सुलेखा पेढ्यांचं ताट घेऊन आत गेली.

खरी अडचण पुढेच होती. प्रबंध संपायला वर्ष-दीड वर्ष लागणार होतं. अमितला आई घेऊन जाईल हे सुलेखानं गृहीत धरलेलं. प्रोफेसरांनाही तिनं सप्टेंबरपासून परत येते म्हणून सांगून टाकलं होतं. जुलैअखेर ती आईशी बोलली, म्हणजे विचारलं असं नाही, सांगितलंच.

"अमितचा पासपोर्ट आला की तिकिटाचं बघते. तू परत जाताना त्याला—"

"मी नाही नेणार," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या रुपालीचे कपडे घडी करत होत्या.

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे."

"मग? दीडच वर्षाचा प्रश्न आहे, आई. एवढं केलं ते सगळं वाया जाईल."

"जाईल."

"रुपालीच्या वेळी तूच लिहिलं होतंस, पोर माझ्याकडे राहू दे म्हणून."

"लिहिलं होतं." त्यांनी एक फ्रॉक घडी केला, मग उलगडून पुन्हा केला. "तुमच्यात विसरायला कसं लावायचं ते शिकवणाऱ्या बायका आहेत. मिरजेत कुणी नाही. रुपाली गेल्यावर मी दिवे लागले की दार लावायची नाही, पोर अंगणात असेल म्हणून. लोक बघायचे माझ्याकडे. नंदूनं डॉक्टरांना बोलावलं होतं. तुला कळवायचं नाही म्हणून मीच शपथ घातली त्याला."

सुलेखा त्यांच्याजवळ बसली. "चुकलं माझं," असं ती म्हणणार होती. पण तोंडातून निघालं ते, "म्हणजे तू माझ्यावर सूड उगवते आहेस."

सुमित्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणाचं तरी नाव आठवत नाही तसं.

"सूड कसला," त्या म्हणाल्या. "मला पुन्हा ते जमायचं नाही, एवढंच." आणि कपड्यांचा ढीग उचलून त्या कपाटाकडे गेल्या.

सहा महिन्यांचा व्हिसा होता, पण त्या सप्टेंबरमध्येच परतल्या. सुलेखानं मास्टर्स घेऊन पीएचडी सोडली. श्रीरामची पूर्ण झाली आणि त्याला टेक्सासमध्ये प्लेनोला एका टेलिफोन कंपनीत नोकरी लागली. तिथे मोठं घर घेतलं, दोन्ही मुलांना वेगळ्या खोल्या. श्रीरामच्या ऑफिसातले लोक विचारत, "आणि तुम्ही काय करता?" तेव्हा सुलेखा म्हणे, "सध्या घरीच." ते सध्या लांबत गेलं.

आईची पत्रं नियमित यायची. पावसाचं, नंदूच्या लग्नाचं, शेजारच्या डॉक्टरांच्या मोतीबिंदूचं. शेवटी मुलांना आशीर्वाद. सुलेखानं त्यांना पुन्हा ये म्हणून दोनदा लिहिलं, एकदा तर तिकीटच पाठवते म्हणाली. उत्तर आलं, गुडघे फार दुखतात, एवढा प्रवास सोसणार नाही.

त्याच आठवड्यात नंदूचं पत्र आलं. आई मजेत आहे, रोज पहाटे किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालत जाते, परवा तर बायकांबरोबर जोतिबाचा डोंगर चढून आली.

सुलेखानं दोन्ही पत्रं वाचली. मग अमित झोपलेला असताना ती टेबलाशी बसली आणि आईला उत्तर लिहिलं. प्रवासाची दगदग खरंच नको, असं लिहिलं. गुडघ्यांना जप, असंही लिहिलं.