चौदावी स्लाइड

मासे वाळवणाऱ्या बायकांना मासे कसे वाळवावेत हे शिकवायला मला आगरला पाठवलं, तेव्हाच कुणीतरी मला अडवायला हवं होतं. मी मसोली गावचा, एका संस्थेत कंत्राटी प्रशिक्षक. मासळीशी माझा संबंध ताटापुरता.

पण जाणं भाग होतं. रानशेतला माझ्या व्याख्यानात अर्धं गाव झोपलं होतं. तलासरीला तर माझी परीक्षा घ्यायला आलेले आमचे साहेबच पहिल्या रांगेत घोरले, आणि जागे झाल्यावर म्हणाले, तुमच्या बोलण्यात दम नाही. आता शेवटची संधी. श्रोते जागे असल्याचा फोटो पाठवायचा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस.

आगरच्या शेडमध्ये वीसेक बायका जमल्या. दाराशेजारच्या भिंतीवर मी पडदा लावला. पहिल्या स्लाइडपासून सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. मला भरून आलं. जंतूंवर मी आयुष्यात इतका रंगून बोललो नव्हतो.

तेराव्या स्लाइडला विचारलं, काही शंका? एकदम दहा हात वर गेले. पुढे बसलेल्या देवकीमावशींच्या हातात चप्पल होती. "हाड!" म्हणत त्यांनी ती भिरकावली आणि ती माझ्या कानाजवळून दाराबाहेर गेली. मी वळून पाहिलं. बाहेर वाळूवर मांदेली वाळत पसरलेली आणि तिच्यावर कावळ्यांची पंगत बसलेली. बायका इतका वेळ माझ्याकडे नाही, माझ्या शेजारून बाहेर बघत होत्या.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. आतापर्यंत मी काय सांगितलं, असं विचारलं.

देवकीमावशीच समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "सर, तुमचं चांगलंच असणार. पण आज राखणीला कोण नाय. डोळे तिकडेच जातात."

आणि माझ्या चौदाव्या स्लाइडवर कावळ्यांपासून वाचवणारी जाळीच होती! कामाची गोष्ट शेवटी ठेवून मी तासभर जंतू दाखवत बसलो होतो.

लॅपटॉप मिटला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि बाहेर जाऊन कावळ्यांमागे धावत धावतच बोलायला लागलो. बायका उठून ओट्यावर येऊन बसल्या. संगिता नावाची एकजण जुनं जाळं घेऊन माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, हे किती उंच बांधायचं? मासळीला टेकलं तर कावळा वरूनच चोच घालेल ना?

दीड वर्षाच्या नोकरीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हरखून गेलो. हात पसरून उंची दाखवली, बांबू कुठे रोवायचे ते सांगितलं, वाऱ्याचंही सांगितलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एका कावळ्याने मांदेली उचलली.

"सर," देवकीमावशी म्हणाल्या, "लक्ष कुठे हाय तुमचं?"

सगळ्या खदखदून हसल्या. मी काठी घेऊन धावलो आणि संगिताने माझ्या फोनवर सगळ्यांचा फोटो काढला. तोच साहेबांना पाठवला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सगळ्या जाग्या आहेत, छान, पण तुम्ही कुठे दिसत नाही. मी म्हटलं, कडेला काठी घेऊन पळतोय तो मीच.  ते म्हणाले, ठीक आहे, पुढच्या महिन्यात तलासरीचं सत्र पुन्हा घ्या, मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन.

तलासरीसाठी देवकीमावशींकडून ती काठी मागून आणली आहे.