बिनपाण्याची बाग

"मामा, बागेला पाणी दिलंत?" वायनरीच्या साहेबाने साखर मोजायचं यंत्र डोळ्यावरून काढत विचारलं.

"थेंबबी न्हाई," सिद्दीक हसून म्हणाला.

निमोण्याच्या सिद्दीकचा जन्म दुसऱ्यांच्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेला. त्याच्या स्वतःच्या मुरमाड तुकड्यात विहीर नव्हती. वाइनच्या द्राक्षाला पाणी जितकं कमी, तितका मणी बारीक आणि साखर जास्त, हे त्याच्या कानावर आलं आणि गडी पेटलाच. रोपं टँकरवर जगवली, मग पाणी तोडून वेलींना ताण द्यायला सुरुवात केली. "सिद्दीकभाई, द्राक्षं हायती का मिरी?" असं म्हणत गाव चार मणी तोंडात टाकायचं आणि आणखी चार मागायचं. दोन हजार तीनच्या दुष्काळात भल्याभल्यांच्या बागा वाळल्या, ह्याची उभी राहिली. मागच्या आठवड्यात याच साहेबाने साखर बघून पाठ थोपटली होती. जन्मात एवढी एकच गोष्ट सिद्दीकने स्वतःच्या डोक्याने केली होती, आणि आज तिचा पहिला तोडा होता.

"मणी फुगून तडकलेत, साखर उतरलीय," साहेब अवघडून म्हणाला. "हा माल नाही नेता येणार, मामा."

सिद्दीकने वेलीच्या बुडाशी माती उकरली. बोटांना ओल लागली.

"म्या दिलं पानी," बांधावरून मदिना म्हणाली. त्याची बायको कधी नव्हे ती घाबरली होती. "तुमी कवठ्याला मोटर काढाया गेला व्हता तवा. पानांनी पार माना टाकल्या व्हत्या. मोहरमचं दिस. करबल्यात तहानेनं गेलेल्यांच्या नावानं आपुन वाटसरूला सरबत पाजतो, आन् घरच्या जिवाला कोरडं ठिवायचं? शेजारच्या बन्सीभाऊंनी त्यांच्या इहिरीवरनं पाइप जोडून दिला."

बन्सीची मोटर सिद्दीकनेच फुकटात चालू करून दिली होती. त्या उपकाराला स्मरून बिचाऱ्याने स्वतःच्या कांद्याचं पाणी तोडलं होतं. आता बोल कुणाला लावायचा! सिद्दीकला रडू आणि संताप एकदमच आला. वेलीला तहान का हवी, हे तो अख्ख्या गावाला सांगत हिंडला होता. घरात तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

गाडी रिकामी गेली.

मोहरमच्या दहाव्या दिवशी फाट्यावर नेहमीसारखा रांजण मांडला. यंदा त्यात द्राक्षाचा रस होता. ट्रकवाले प्याले, बाजारहून येणाऱ्या बाया प्याल्या, बन्सीही मान खाली घालून प्याला.

"साखर किती वतली रं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जराबी न्हाई, आबा."

दिवस मावळला, मशिदीत बांग झाली. मदिनाचा रोजा होता, पण ती रांजणापाशी येईना, लांबच पदर सावरत उभी राहिली. सिद्दीकने पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापाशी नेऊन धरला.

"घे," तो म्हणाला. "तहान लागली आसंल."