शून्य मार्कांचा जॉब

साठ वर्षांचा इतिहास दोन पानांत बसवा म्हणे! आमच्या सरकारी तंत्र विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी प्राचार्या दिशा मॅडमनी मला फोन केला, कारण वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढलेला आणि अजून जिवंत असलेला मी एकटाच उरलोय. "बोरस्ते सर, जरा पॉझिटिव्ह लिहा हं," असंही वर. मी हो म्हटलं. नाही तरी बायको, मीना, गेल्यापासून घरात बोलायला आहे कोण? मुलगी स्नेहल पुण्याहून रविवारी फोन करते, तोही गोळ्या घेतल्या का ते विचारायला. उरलेले सहा दिवस मी टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्यांशी भांडतो.

लिहायला बसलो. भाड्याच्या गोदामात भरलेला पहिला वर्ग, पत्र्याचं वर्कशॉप, ओझरच्या विमान कारखान्यात लागलेली पोरं, अंबडच्या एमआयडीसीत शेड टाकून मालक झालेली पोरं. प्राचार्यांचीच यादी पानभर. जुने फोटो मिळतील म्हणून मॅडमना विचारून वर्कशॉपचं स्टोअर उघडलं. कपाट सरकवलं, तर मागे भिंतीला लागून लोखंडाचा एक जोड पडलेला. धूळ पुसली आणि फोटो शोधायचं राहूनच गेलं.

सांगतो. पहिल्या वर्षाला आमच्याकडे एक मोठा जॉब असायचा. एका पट्टीत चौकोनी खाच कापायची आणि दुसरी पट्टी कानशीने घासून त्या खाचेत बसवायची. जोड उजेडासमोर धरायचा; फट दिसली की मार्क गेले. तपासून झाला की मी कोपऱ्यात पंच मारून खूण ठोकायचो, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी तोच आपला म्हणून द्यायला नको. तरी पोरं बेरकी! पंच घासून काढायची आणि सीनियरचा जॉब खपवायची. असे मी दरवर्षी दोन-चार पकडायचो. फार ताठा होता मला त्याचा.

एकोणनव्वद साली दत्तू नावाच्या पोराचा जोड असा बसला, की उजेडाची रेघसुद्धा दिसेना. तो मी नमुना म्हणून स्टोअरमधल्या कपाटावर ठेवला. पुढच्या वर्षी तो गायब झाला. त्याच आठवड्यात सुरगाण्याकडच्या बहिरू गावितने तसाच जोड माझ्यापुढे ठेवला. वर्गात कधी तोंड न उघडणारं पोर. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, दत्तूच्या जोडाचा पंच घासून मलाच बनवतो काय! शून्य लिहिलं आणि जॉब भंगारात टाकला. चोरीचा बोभाटा झाला तर कॉलेजातून काढतील, म्हणून कुणाला काही बोललो नाही. ते माझं मोठं मन, बरं का! बहिरू नापास झाला आणि नंतर आलाच नाही.

आणि आता दत्तूचा जोड माझ्या हातात होता, पंच जिथल्या तिथे. कुणी चोरलाच नव्हता तो. कपाटामागे पडला होता, इतकंच.

तीन दिवस एक ओळ लिहवेना. शेवटी जुन्या रजिस्टरमधून बहिरूच्या गावाचं नाव काढलं आणि सुरगाण्याची एसटी धरली. पुढे जीप. वाटेत वाटत होतं, शिव्या घालेल. घालू दे! निदान माझ्या तोंडून माफीचा शब्द तरी निघेल.

बहिरूने मला लांबूनच ओळखलं. धावत आला, पायाच पडला. "रंगू, आमचं सर आलं! चहा टाक!" त्याची बायको अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होती. खाट टाकली, शेजाऱ्यांना हाका मारून झाल्या. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

"शिक्षण का सोडलंस रे?" मी विचारलं.

"तुमी शून्य दिलं ना, सर." तो मनमोकळा हसला. "तुमी उगाच कुणाला देणार नाय. मंग मी समजलो, आपल्या हातात कारागिरी नाय. परत कानस धरलीच नाय. द्राक्षाच्या बागांत मजुरीला जातो, चाललंय."

"साधा खिळा ठोकीत नाय," चहा देताना रंगूबाई म्हणाली. "म्हणतो, माझ्या हातानं बिघडंल. पोरांची सायकल बी दुसऱ्याकडं न्यावी लागायची."

 मी चहाचा कप खाली ठेवला.

"बहिरू, तुझ्यासारखा जोड मी तेहतीस वर्षांत दोनदाच पाहिला. मला वाटलं, तो दत्तूचा आहे, तू चोरलास. म्हणून शून्य दिलं. चुकलो रे मी. साफ चुकलो."

 बहिरू चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तवाच विचारायचं होतं ना, सर," तो म्हणाला. "तुमच्यासमोर बसून दुसरा करून दावला असता."