गालाखालचं लाकूड

"खाली जातेय," फिर्मो म्हणाला आणि त्याने बंदूक बाकावर ठेवली. "तबकडी वर, छर्रे खाली. काल नेमबाजीच्या क्लबात शेंबडी पोरं हसली मला."

"बंदूक खाली जात नसते. माणूस खाली जातो," बत्तिस्ता म्हणाला. "आण इकडे."

त्रोम्पियाच्या दरीत नेम चुकायला लागला तर माणूस डॉक्टरकडे जात नाही, बंदुकीचा लाकडी दस्ता घडवणाऱ्या दस्तेवाल्याकडे जातो. अर्धी दरी बंदुकांवर जगते, उरलेली अर्धी रविवारी त्याच बंदुका घेऊन हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडते. त्यामुळे तिथे एखाद्याचा हात थरथरला, मान आखडली, डोळा अधू झाला, तरी दोष आधी लाकडाला मिळतो. बत्तिस्ताचं पोट याच समजावर चाललं होतं, तेव्हा तो मोडून काढायला तो काही जात नव्हता.

फिर्मोच्या बंदुकीचा दस्ता त्यानेच घडवलेला. अक्रोडाचं असं लाकूड त्याला नंतर मिळालं नाही. पुढे त्याने दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो ती, करवतीने कापून वेगळी केली आणि पोलादाच्या दोन खुंट्यांवर बसवली. खुंट्यांत चकत्या घातल्या की ही गालपट्टी वर येते, काढल्या की खाली बसते. गाल वर आला की डोळा वर येतो आणि छर्रेही वर जातात. सगळी गंमत एवढीच. पट्टी पूर्ण खाली बसली की लाकडाच्या रेषा एकमेकींना अशा मिळत, की करवत फिरली होती हे सांगूनही खरं वाटू नये.

बाकीचे दस्तेवाले मापाची यंत्रं लावत. बत्तिस्ता आधी माणसाच्या गालावर तळहात ठेवी. जिथे लाकूड टेकणार तिथे हाताला काय लागतं ते बघायचं आणि मग हत्यार उचलायचं, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. यावरून दरीत त्याची भरपूर चेष्टा होई.

"कुरवाळ बाबा," फिर्मो गाल पुढे करत म्हणाला. "घरी तर कोणी विचारत नाही."

बत्तिस्ताने हात ठेवला. हा गाल त्याच्या हाताच्या ओळखीचा होता. मक्याच्या पोलेंट्यावर आणि लोण्यावर पोसलेला, चांगला भरलेला गाल. आज हाताला हाड लागलं.

त्याने बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहिला, रिकामी असल्याची खात्री केली आणि फिर्मोला खांद्याला लावायला सांगितली. स्वतः समोर उभा राहिला. फिर्मोचा डोळा नळीच्या मागे अर्धा बुडाला होता. गालातलं मांस गेलं होतं, म्हणून डोळा खाली आला होता. दस्ता जिथल्या तिथे होता.

हे त्याला त्या क्षणी कळलं. पुढे त्याने मनाशी कितीही सारवासारव केली, तरी हे खरं. आणि हेही खरं, की त्याच क्षणी त्याला जूनचा सामना आठवला. वरच्या गावाने जिंकलेला करंडक किती वर्षं त्यांच्या बारमध्ये बाटल्यांच्या मागे धूळ खात पडला होता, आणि तो परत आणायचा तर फिर्मोशिवाय दुसरा कोणी नव्हता. 'बारीक झालास, एकदा दाखवून ये' म्हटलं असतं तर गडी शहरात, ब्रेशाच्या इस्पितळात जाऊन बसला असता. सामन्यानंतर सांगू, असं बत्तिस्ताने ठरवलं आणि खुंट्यांत एक एक चकती सरकवली.

"घे. आता चुकलास तर माझ्याकडे येऊ नकोस, पाद्रीबाबाकडे जा."

जूनमध्ये फिर्मोने वरच्या गावाची नाचक्की केली. तबकडी खंदकातून उडायची आणि आवाज विरायच्या आत तिचा काळा भुगा व्हायचा. करंडक आला. क्लबामागे सळईवरचं मांस सकाळपासून फिरत होतं, सगळे पोलेंट्यावर तुटून पडले, आणि फिर्मोने आपलं ताट हळूच शेजाऱ्याकडे सरकवलं.

त्याची बायको सांतिना बत्तिस्ताजवळ येऊन बसली. फार बोलणारी बाई नव्हती ती.

"तुला तो बारीक वाटतो का रे?" तिने विचारलं. "मी रोज बघते, मला कळत नाही. तू तर चेहरा हाताने बघतोस."

याहून सरळ प्रश्न माणसाला आयुष्यात विचारला जात नाही. बत्तिस्ताच्या हातात वाइनचा ग्लास होता, समोर करंडक होता, आणि सप्टेंबरात ब्रेशाला प्रांताचा सामना ठरला होता.

"उन्हाळा आहे," तो म्हणाला. "आणि वय झालं की माणूस सुकतोच. माझ्याकडे बघ."

"तू लहानपणापासून वाळकाच," सांतिना हसली. तिला बरं वाटलं होतं. तेच त्याला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

ऑगस्टमध्ये फिर्मो परत आला. परत खाली जातेय म्हणाला. बत्तिस्ताने या वेळी हात ठेवला न ठेवला असं केलं आणि आणखी एक एक चकती घातली. पट्टीखालच्या फटीतून आता खिडकीचा उजेड दिसायला लागला होता. फिर्मोने ती फट बघितली आणि म्हणाला, "लाकूड आटलं वाटतं." सप्टेंबरात ब्रेशाला त्यांचा क्लब दुसरा आला, पण त्यात कोणाला फार आनंद झाला नाही, कारण परतीच्या वाटेवर गाडी दोनदा थांबवून फिर्मो रस्त्याच्या कडेला ओकला.

पोटातलं दुखणं होतं आणि बरंच पसरलं होतं. थोडं आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले. असं ते सगळ्यांनाच म्हणतात, हे बत्तिस्ताने स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं.

नोव्हेंबरात तो फिर्मोला भेटायला गेला तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवून गेला होता. वाटेत मेल्ला नदीच्या पुलावर थांबून त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती. फिर्मो खिडकीशी खाटेवर होता. सांतिना खाली सूप गरम करत होती.

"फिर्मो, मला एक बोलायचंय."

"माझं आधी ऐक, मला दम कमी आहे," फिर्मो म्हणाला. "बंदूक माझ्या ओर्नेलाला द्यायची. पोरगी चांगली मारते. तिच्या गालाला बसवून दे."

"देतो."

"आणि सांतिनाला जरा समजाव. रडते. म्हणते, तुला ओढून न्यायला हवं होतं डॉक्टरकडे. ऑगस्टात ती तर सारखी मागे लागली होती, मीच गेलो नाही. मी तिला तेव्हा सांगितलं, अगं, बत्तिस्ताने दोनदा गाल चाचपलाय माझा. काही असतं तर तो बोलला नसता का?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि बत्तिस्ता तोच शोधत होता. सापडला असता तर पाय धरता आले असते.

"तुला काय सांगायचं होतं?" फिर्मोने विचारलं.

"काही नाही. करंडकाला पॉलिश केलं, तेच."

"छान केलंस."

ख्रिसमसच्या आधी फिर्मो गेला.

वसंतात, डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं तेव्हा, ओर्नेला बंदूक घेऊन आली. बरोबर सांतिना होती. ओर्नेला बापासारखीच रुंद चेहऱ्याची. तिने बंदूक खांद्याला लावली तर डोळा नळीच्या कितीतरी वर.

"काका, मला आभाळच दिसतंय," ती म्हणाली.

"पट्टी वर आहे. खाली घ्यायला हवी."

त्याने चावीने स्क्रू सैल केले आणि पट्टी उचलून बाजूला ठेवली. खुंट्यांतल्या चकत्या काढून बाकावर ठेवल्या. हात धुतले, पुसले, आणि ओर्नेलाच्या गालावर तळहात ठेवला. भरलेला, ऊबदार गाल. हात तिथेच राहिला.

"काय झालं काका?"

"नीट जेवतेस ना?"

"आईला विचारा. घर खाते म्हणते."

पण सांतिना ऐकत नव्हती. ती बाकाशी उभी राहून चकत्यांकडे बघत होती. तिचा बाप, भाऊ, नवरा, सगळे याच दरीतले, बंदुकांतलेच. चकती कशासाठी घालतात हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"या कधी घातल्यास?" तिने विचारलं.

हंगामाच्या सुरुवातीला सगळेच घालतात, असं म्हणता आलं असतं. तिने तेही मानलं असतं. बत्तिस्ताने ओर्नेलाच्या गालावरून हात काढला.

"वरच्या दोन ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "खालच्या दोन मे महिन्यात."

सांतिनाने मान हलवली. मे महिना जूनच्या त्या जेवणाआधी येतो, हे तिने मनातल्या मनात एकदा मोजलं असावं.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

ओर्नेला एकदा आईकडे आणि एकदा काकाकडे बघत राहिली. बाहेर नदीला बर्फाच्या पाण्याचा आवाज होता. बत्तिस्ता वाट बघत होता. तिने काहीही म्हटलं असतं तरी त्याला चाललं असतं.

"तिचं काम पुरं कर," सांतिना म्हणाली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली.

त्याने पट्टी बसवली. ती पूर्ण खाली गेली. फट मिटली, लाकडाच्या रेषा पूर्वीसारख्या एकमेकींना मिळाल्या. ओर्नेलाने डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले. बत्तिस्ता समोर उभा होता. नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीमागे तिचा डोळा बरोबर जागेवर आला होता, आणि तो थेट फिर्मोचा डोळा होता.

"बसलं," तो म्हणाला.

सांतिनाने बंदूक कापडात गुंडाळली, पट्टे बांधले. दारापर्यंत गेली आणि परत आली. बाकावरच्या चकत्या तिने एका बोटाने त्याच्याकडे सरकवल्या.

"या राहू देत तुझ्याकडेच," ती म्हणाली.

दोघी उतारावरून खाली गेल्या. बत्तिस्ताने चकत्या उचलून एप्रनच्या खिशात टाकल्या. संध्याकाळी एप्रन खुंटीला अडकवताना त्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी बांधतानाही.